आतल्या आक्का

आमच्या आक्का चाचणीच्या वेळी पडद्याकडे पाठ करून बसत. प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेला असे, तो चालतो की नाही हे बघायची घाई सगळ्यांत जास्त त्यांनाच असायला हवी. पण प्रोग्रॅम सुरू झाला की त्या खुर्ची फिरवायच्या, तोंड खिडकीकडे करायच्या आणि मला विचारायच्या, "काय दिसूलालंय गं?" काय दिसतंय, हे विचारायची बेळगावकडची ही रीत. मग जे दिसतंय ते मी सांगायचं. "तापमान बरोबर आलंय" असं म्हटलेलं त्यांना चालत नसे. "बरोबर हाय का चूक हाय ते मी ठरवते. तू आकडा सांग, रंग सांग, हलूलालंय का थांबलंय तेवढं सांग."

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईंच्या डोळ्यांना काही त्रास असेल. धीर करून विचारलं, तेव्हा हसल्या. "डोळं चांगलं हायत गं. पण आत काय हाय ते मला म्हाइत हाय न्हवं? मग मी बघितलं की मला तेच दिसणार. तुला आतलं कायबी ठाऊक न्हाय, म्हणून तुझं डोळं कामाचं." आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही याचा कुणाला उपयोग होतो, हे मी तोवर ऐकलं नव्हतं. कॉलेजात तर न येणाऱ्या गोष्टी लपवण्यातच माझी चार वर्षं गेली होती.

मी मूळची निपाणीची. आई बिड्या वळते, बाबा तंबाखूच्या वखारीत होते. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात इंजिनिअरिंग. घरातली पहिली पदवी माझी, आणि पहिली महिन्याच्या पगाराची नोकरीही माझीच. ती मिळाली उद्यमबागेतल्या एका लहान कारखान्यात. तिथे भट्ट्यांचे आणि प्रेसचे कंट्रोल पॅनेल बनत. तळमजल्यावर वायरिंग, कटिंग, पत्र्यांचा आवाज. जिन्याच्या वर एक खोली, तिला सगळे ‘सॉफ्टवेअरची खोली’ म्हणत. खोलीत दोन टेबलं होती. एक आक्कांचं, दुसरं माझं. आक्का खानापूरहून रोज गाडीने येत. वय पन्नाशीच्या आत, केस घट्ट बांधलेले, पर्समध्ये नेहमी एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर. मालकांसकट सगळा कारखाना त्यांना आक्का म्हणे.

कामाची वाटणी अशी होती. आतलं सगळं आक्कांचं. भट्टीतल्या सेन्सरकडून तापमान वाचणं, ते तपासणं, मर्यादा ओलांडली तर करंट बंद करणं, हे त्या सी प्लस प्लस या भाषेत लिहीत. ते कंपाइल होऊन, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरून, पॅनेलच्या आत बसे. बाहेरचं, म्हणजे कामगाराला दिसणारा पडदा, मी करायचा. पडद्याची भाषा वेगळी. तिच्यात हुकूम द्यायचे नसतात, फक्त सांगून ठेवायचं असतं की हा आकडा म्हणजे भट्टीचं तापमान, आणि तापमान मर्यादेच्या वर असेल तेव्हा ही पट्टी लाल. एकदा असं नातं सांगितलं की पुढचं पडदा स्वतः सांभाळतो. आत तापमान बदललं की बाहेरचा आकडा बदलतो, आपण पुन्हा बोट लावायचं नाही. आक्कांचं आत आणि माझं बाहेर जोडणं, एवढीच माझी नोकरी होती.

आणि ती नोकरी टिकेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. मी लागल्यावर दोनच महिन्यांनी मालक वर आले आणि दारातच उभं राहून म्हणाले, "आक्का, तयार पॅनेल मिळतंय आता. बटणं दाबली की सेट होतंय. ही खोली मी कशासाठी चालवायची, सांगा बघू." आक्का म्हणाल्या, "मिळतंय की. चालवूलालेत सगळे. पण आपल्या भट्टीवाल्याला जे पाहिजे ते त्यात बसंना, म्हणून तर तो तुमच्याकडं येतोय." शेवटी असं ठरलं की मच्छे भागातल्या एका कारखान्याला गिअर तापवायच्या भट्टीसाठी आमचं पॅनेल लावून दाखवायचं. त्यांच्या सहा भट्ट्या होत्या. त्यांनी घेतलं तर खोली राहील, नाहीतर बंद. मालक गेल्यावर मी नुसती बसून राहिले. घरी आईने शेजारणींना पेढे वाटून झाले होते. आक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता रडायचं का काम करायचं? मला दोन्ही चालतंय. पण रडायचं असंल तर लवकर उरक, पाचची गाडी हाय माझी."

त्याच दरम्यान एका रविवारी त्या आमच्या घरी निपाणीला आल्या. चिकोडीत कुणाचं तरी लग्न होतं, तिथून वाट वाकडी करून. आई दारात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसली होती. साहेबीण आली म्हणून ती गडबडीने उठायला लागली, तर आक्का तिच्या शेजारी खाली बसल्या. बोलता बोलता आईने विचारलं, "आक्का, ही नेमकं काय करत्या ओ तिथं? मला इचारत्यात बायका. मी सांगते, कंप्युटर. म्हंजे काय ते मलाबी कळंना."

आक्का सुपातली एक बिडी उचलून बघत म्हणाल्या, "ठेकेदार तुम्हाला काय सांगतोय? बिडी एवढी लांब पाहिजे, एवढी घट्ट पाहिजे, तोंड असं मुडपलेलं पाहिजे. पान कसं भिजवायचं, बोट कसं फिरवायचं ते सांगतोय का?"

"तो मुडदा काय सांगतोय! त्येला एक बिडी वळता याची न्हाय."

"मग तसंच. तुमची सुजा हाय ठेकेदार. पडद्यावर काय पाहिजे तेवढं सांगत्या. आणि मी बिडीवाली. आत बसून वळते."

आईने हात थांबवले. "म्हंजे शिकवून सवरून पोरगी ठेकेदार झाली व्हय माझी? आग लागली त्या शिक्शणाला!" दोघी इतक्या हसल्या की समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या. जाताना आईने विचारलं, "छाट काढत न्हाय न्हवं ही तुमच्या कामात?" आमच्याकडे ठेकेदार बिड्या नापास करतो त्याला छाट म्हणतात. आक्का म्हणाल्या, "काढत न्हाय, तेच तर शिकवूलालेय. काढायला पाहिजे तिनं." पुढे कुणी विचारलं की आई अभिमानाने सांगायची, माझी मुलगी सांगणारी आहे आणि तिच्या आक्का करणाऱ्या आहेत. मला माझ्या विषयाच्या कुठल्याच पुस्तकाने इतकं थोडक्यात सांगितलं नव्हतं.

आक्कांचा एक शब्द होता, वर्दी. आतलं काही बदललं की आतल्याने बाहेरच्याला वर्दी द्यायची, हा जोडणीचा पहिला नियम. "पडद्यानं दर घडीला दार वाजवून इचारायचं न्हाय, बदललं का, बदललं का. आतल्यानं सांगायला पाहिजे." आणि दुसरा नियम त्याहून कडक. काही बदललं नसेल तर वर्दी द्यायची नाही. उगाच वर्दी दिली की पडदा उगाच कामाला लागतो. हा नियम त्या माणसांनाही लावत. मालक रोज सकाळी कारखान्याच्या ग्रुपवर फुलांचं चित्र आणि सुविचार टाकायचे. एकदा आक्कांनी खाली लिहिलं, "साहेब, कालच्यापेक्षा काय बदललंय?" दिवसभर खालच्या मजल्यावरून हसण्याचा आवाज येत होता. मालकांनी मात्र दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोन चित्रं टाकली.

कंपाइल व्हायला आमच्या जुन्या मशीनवर बराच वेळ लागायचा. तेवढ्यात आक्का खालच्या खणातून पिशवी काढायच्या. मटारच्या दिवसांत मटार, नाहीतर लसूण, कधी मेथीची जुडी. टेबलावर वर्तमानपत्र पसरून सोलायला बसायच्या. "कंपनीत घरची भाजी निवडायची का आक्का?" असं मालकांनी विचारलं तर म्हणायच्या, "मशीन काम करूलालंय. मी मोकळी हाय. तुम्ही बी बसा, दोन शेंगा सोला." एकदा ते खरंच बसले होते. त्या सोलण्याच्या वेळात मी आतलं शिकले. शिकवायचं म्हणून त्या कधी शिकवत नसत. दाणे ताटलीत टाकत टाकत विचारायच्या, "सेन्सरची वायर तुटली तर मी बाहेर कुठला आकडा पाठवू? शून्य?" मी हो म्हटलं की, "शून्य म्हंजे भट्टी गार हाय, असं वाटंल की गं त्येला. हात घालंल." मग पुढची शेंग सोलायला घ्यायच्या. उत्तर मला शोधावं लागे. आकडा न पाठवता ‘ठाऊक नाही’ असं पाठवावं, म्हणजे पडदा रेघा दाखवील, हे मला सुचलं त्या दिवशी त्यांनी सोललेले सगळे मटार मला माझ्या भाड्याच्या खोलीवर न्यायला दिले.

चाचणीचा दिवस उजाडला. भट्टीच्या अंगाला लोखंडी चौथऱ्यावर आमचं पॅनेल बसवलेलं, शेजारी त्यांचं जुनं काट्याचं मीटर तसंच ठेवलेलं. त्यांचे मॅनेजर, आमचे मालक, भट्टीवरची माणसं सगळी जमली. मी चौथऱ्यावर केबल घट्ट करत होते. आक्का बाजूच्या केबिनमध्ये आतले आकडे दाखवणारा लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या, तिथून चौथरा दिसत नव्हता. मॅनेजरांनी केबिनमध्ये जाऊन तक्रार केली, सुरूचं बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंद नुसत्या रेघा दिसतात, आकडा लगेच का येत नाही? आक्का म्हणाल्या, "आत्ता करते, त्यात काय." त्यांनी पहिल्यांदाच माझी पडद्याची फाइल उघडली आणि बटणाखाली एक ओळ घातली. बटण दाबलं की आकड्याच्या जागी आत्ताचं तापमान ठेव. आतल्या कोडमध्ये त्या आयुष्यभर हेच करत आल्या होत्या, हे उचल, तिथं ठेव. भट्टी आधीच बरीच तापलेली होती; बटण दाबलं, आकडा लगेच आला. मॅनेजर खूश झाले. गिअर आत गेले, भट्टी आणखी तापू लागली, आठशे सत्तर अंशांना थांबायची होती.

काही वेळाने माझा फोन वाजला. "काय दिसूलालंय गं?"

"आठशे बारा, आक्का."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. "आता?"

"आठशे बारा."

"नीट बघ. रंग?"

"हिरवा. आक्का, आकडा हलंना. शेवटचा आकडा तर कायम थरथरत असतोय, तो बी थांबलाय."

मग त्यांचा आवाज फोनमधूनही आला आणि केबिनच्या दारातूनही. "करंट तोडा! हातानं तोडा! आत आठशे शहाण्णव हाय!" भट्टीवरच्या माणसाने मुख्य स्विचचा दांडा ओढला. मी शेजारच्या काट्याच्या मीटरकडे बघितलं, काटा नऊशेच्या रेघेला टेकत होता. आपोआप बंद व्हायची मर्यादा नऊशे वीसला होती, ती अजून यायची होती. त्याआधी कामगाराने आकडा बघून हाताने भट्टी थांबवायची, अशी तिथली पद्धत. आणि त्या दिवशी काट्याऐवजी तो बघत असलेला आमचा आकडा त्याला सांगत होता, अजून वेळ आहे.

मी केबिनमध्ये धावत गेले आणि फाइल बघितली. ती ओळ दिसली. पडद्याला आपण सांगून ठेवलं होतं, हा आकडा म्हणजे तापमान. मध्येच कुणीतरी हुकूम दिला, इथं आठशे बारा ठेव. पडद्याने आज्ञा पाळली आणि जुनं नातं सोडून दिलं. मग आतून कितीही वर्द्या येवोत, ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. आत सगळं बरोबर होतं.

आमचे मालक माझ्याकडे वळले. "स्क्रीन तुझी न्हवं? बघायला नको होतंस?" मी काही बोलायच्या आत आक्का उभ्या राहिल्या. "तिच्यावर जाऊ नका. ओळ माझी हाय." मग त्या मॅनेजरांकडे वळून म्हणाल्या, "साहेब, माझ्याकडनं चूक झाली. तुमचं गिअर खराब झालं असंल तर ते बी माझ्यामुळंच. पण ही पोरगी चौथऱ्यावर नसती तर मला कळलंच नसतं." मॅनेजर जाऊन काट्याचं मीटर बघून आले. शेवटी म्हणाले, पुढच्या आठवड्यात या. नाही म्हणाले नाहीत एवढंच.

परतताना रिक्षात आक्का एक शब्द बोलल्या नाहीत. उद्यमबागेच्या कोपऱ्यावर उतरताना म्हणाल्या, "सुजा, उद्यापास्नं मला पडदा शिकव."

तो आठवडा मला फार जवळचा आहे. आक्का माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या आणि दर दुसऱ्या ओळीला हुकूम लिहायच्या. मी म्हणायची, "आक्का, ठेवू नका. सांगा." त्या कपाळावर हात मारायच्या. "हात जातोय गं. इतक्या वर्षांची खोड. तुझ्या आईला म्हणावं, बिडीवालीला ठेकेदारी जमंना." तिकडे त्यांनी माझ्यावर आतलं काम टाकलं. पडद्यावर जो आकडा खरोखर दिसतोय तो पडद्याने दर सेकंदाला आत कळवायचा, आणि आतल्याने तो खऱ्या तापमानाशी ताडून बघायचा. फरक पडला की पडदा लाल आणि भोंगा. ‘काय दिसूलालंय’ हा त्यांचा प्रश्न मी सी प्लस प्लसमध्ये लिहिला. माझं पहिलं कंपाइल झालेलं काम. तीनदा मोडलं. त्यांनी हात लावला नाही, मेथी निवडत बसल्या. चौथ्यांदा चाललं तेव्हा म्हणाल्या, "आता छाट मी काढते," आणि माझ्या कोडमधल्या सतरा गोष्टी नापास केल्या. सतरा काही मी मोजलेल्या नाहीत, मला तेवढ्या वाटल्या.

दुसरी चाचणी शांतपणे पार पडली. मॅनेजरांनी मुद्दाम त्या जुन्या ओळीसारखी ओळ पुन्हा घालायला लावली, भोंगा वाजला, त्यांनी मान हलवली. पण त्यांनी सहा भट्ट्यांसाठी पॅनेल घेतलं नाही. दोन भट्ट्यांसाठी घेतलं, बाकीचं पुढे बघू म्हणाले.

मालकांनी आम्हा दोघींना खाली बोलावलं. त्यांनाही बोलणं जड जात होतं. खोली ठेवतो म्हणाले, पण एवढ्या कामावर पगार एकाचाच निघतो. मी मान खाली घातली. कोण राहणार यात विचारायचं काय होतं? मी घरी काय सांगायचं ते मनात जुळवू लागले. तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "ही ऱ्हाईल."

मी म्हटलं, "असं कसं आक्का, हे सगळं तुमचं आहे."

"माझं असू दे की. हिशोब सरळ हाय. तुला बाहेरचं येतंय आणि आतलं येऊ लागलंय. मला आतलं येतंय, बाहेरचं आठ दिवस शिकून बी हात चुकतोयच. एकच माणूस ऱ्हायचं म्हटल्यावर दोन्ही येणारं ऱ्हाऊ दे. उपकार न्हवं हे, उगं डोळं पुसू नकोस." मालक म्हणाले, "आक्का, विचार करा." त्या म्हणाल्या, "केला. रिक्षात केलाय."

त्यांना खानापूरकडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचं काम मिळालं. पगार कमी, पण गाडीची धावपळ वाचली, असं त्या सांगतात. शेवटच्या दिवशी खालच्या माणसांनी त्यांना साडी दिली. मालकांनी सत्काराचं भाषण केलं आणि मध्येच थांबले. आक्का त्यांना म्हणाल्या, "साहेब, हे मातर बदललंय. ग्रुपवर टाका." सगळे हसले.

तेव्हापासून मी खोलीत एकटी आहे. अडलं की आक्कांना फोन करते. पहिल्या वर्षी रोज करायची, नंतर आठवड्याने, आता कधीमधी. अलीकडे उलटही होतं. मुलांना पडदा शिकवताना त्यांनाच काही अडतं आणि त्या मला फोन करतात. "मॅडम, वेळ हाय का?" असं गंभीरपणे विचारतात. मी समजावून सांगते. कळलं की "व्हय" म्हणतात आणि आईची चौकशी करून फोन ठेवतात.

मागच्या महिन्यात त्या कारखान्याने उरलेल्या चार भट्ट्यांसाठी पॅनेल मागवलं. मालक स्वतः जिना चढून वर आले. "दुसरं माणूस घ्यायला पाहिजे आता. कुणाला घ्यायचं?" मी क्षणाचाही विचार केला नाही. लगेच खानापूरला फोन लावला. आक्का, या, तुमचं टेबल तसंच आहे, साहेब पण हो म्हणालेत.

आक्का खूश झाल्या. चारही भट्ट्यांना आपलं पॅनेल घेतलं हे त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "पण मी येत न्हाय गं."

मी म्हटलं, का? पगाराचं बोलू, गाडीच्या वेळा सांभाळू, तुम्ही म्हणाल तसं करू.

"तसं न्हवं. मी आले की आतलं तू परत माझ्यावर सोडशील."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण समोर भट्टीचं आतलं कोड उघडं होतं. सकाळपासून एका ठिकाणी अडले होते, आणि फोन लावतानाच मी मनात ठरवून टाकलं होतं की हे आक्का येतील तेव्हा त्या बघतील. मी कर्सर त्या अडलेल्या ओळीवर नेला. तिकडे कॉलेजची घंटा झाली. "वर्ग हाय माझा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि मी पुढची ओळ लिहायला घेतली.